कात्री न लागलेला केस

माझा धाकटा भाऊ केस कापतो, पण बोलत नाही. या धंद्यातला माणूस आणि गप्प, म्हणजे आक्रीतच. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं ते अर्धं केस कापायला आणि अर्धं गप्पा हाणायला. याच्याकडे आलं की गिऱ्हाईकच बोलतं, हा नुसता ‘हं’ म्हणतो, आणि कात्री चालू. तरी लोक येतात. का, तर याच्या हाताखालून गेलेल्या डोक्याला मागून आरसा धरून बघा, एक केस इकडचा तिकडे सापडायचा नाही. शेवटची कात्री मारल्याशिवाय हा कुणाला उठू देत नाही. गिऱ्हाईक घाईत असो, बाहेर गाडी उभी असो, हा मान तिरकी करून बघणार, एक पाऊल मागे जाणार, पुन्हा पुढे येणार आणि कुठलं तरी टोक जरासं छाटणार. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो.

मी त्याची थोरली बहीण. घरात आम्ही तिघं: तो, मी आणि त्याची मुलगी, बारकी. खाली सलून, वर घर, मधे एक कुरकुरणारा लाकडी जिना. बारकीची आई ती चालायला लागायच्या आधीच गेली, तेव्हापासून पोरीला मीच वाढवली. माझं लग्न झालं नाही. कुणी विचारलं तर मी सांगते, वेळच मिळाला नाही. पडद्यांच्या दुकानासाठी मी घरबसल्या शिवण करते. भाऊ म्हणतो, ताईची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे. एरवी तोंडात मिठाची गुळणी, पण असलं बोलायला बरोबर तोंड उघडतं त्याचं.

बारकी सकाळी सलूनमध्ये बायकांचे केस कापते आणि दुपारनंतर चित्रं काढते. स्वतःची चित्रं काढण्याचं तिला फारसं कौतुक नाही. तिला वेड आहे ते जुन्या चित्रांच्या डागडुजीचं. शहरातल्या संग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक लांबलचक खोली आहे. तिथे कीड लागलेली, ओल चढलेली, फाटलेली चित्रं येतात आणि माणसं त्यांच्यासमोर महिनोन्‌महिने मान मोडून बसतात. बारकी लहानपणी एकदा शाळेबरोबर तिथे गेली आणि तेव्हापासून तिथलीच झाली. ते लोक दरवर्षी थोडी नवी माणसं शिकायला घेतात, वर पगारही देतात. त्यासाठी परीक्षा असते. बिघडलेल्या चित्राची एक नक्कल हातात देतात, जिथला रंग उडालाय तेवढा भाग असा भरायचा की बघणाऱ्याला कळता कामा नये. सामान ज्याचं त्याने आणायचं.

परीक्षेला वयाची अट आहे आणि बारकीचं हे शेवटचं वर्ष होतं. मागच्या वर्षी तिने नाव दिलं होतं, पण नेमकी मी आजारी पडले. परीक्षेच्या दिवशी ही माझ्या खाटेशी बसून मला पेज भरवत होती. माझ्या दुखण्याचं नाव मी घेत नाही. इतकंच सांगते की औषधाने डोक्यावरचा एक केस राहिला नाही, भुवयासुद्धा गेल्या, आणि घरात होतं नव्हतं तेही गेलं. बारकीकडे चांगले विकतचे ब्रश होते, तेही दिसेनासे झाले. मला म्हणाली, “खराब झाले, टाकून दिले.” मी काय दूधखुळी आहे? पण तेव्हा भांडायला अंगात त्राण नव्हतं.

तर यंदा ही परीक्षा साधली नाही तर कायमची गेली, हे घरात तिघांनाही माहीत होतं. आणि सामान म्हणावं तर नावाला नाही.

माझा भाऊ कामाला लागला तो इथे. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. एके दिवशी धापा टाकत त्याने सलूनची जुनी खुर्ची जिन्यावरून वर आणली, तीच जिचं कातडं फाटलं म्हणून मागच्या खोलीत पडून होती. बसायची गादी काढली, पाठीला एक फळी ठोकली, डोकं टेकवायच्या उशीच्या जागी चिमटा बसवला. झाला चित्राचा स्टँड. पायाने खालचा दांडा दाबला की चित्र वर, सोडला की खाली, आणि पाठ मागे रेलली की चित्रही मागे रेलतं. बारकी त्याभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, “बाबा, असला तर संग्रहालयातसुद्धा नसेल.” त्याने नुसतं ‘हं’ केलं, पण त्या दिवशी जेवताना दोनदा भाजी मागून घेतली.

मग सुरूच झालं. हात थरथरू नये म्हणून टेकवायला एक काठी, तिच्या टोकाला बाटलीचं बूच आणि त्यावर माझ्या शिवणातली मऊ चिंधी. रंग कालवायला न्हाणीघरातली उरलेली पांढरी फरशी. बारीक दिसावं म्हणून शेजारच्या घड्याळवाल्याकडून मागून आणलेलं भिंग, ते तारेने असं वाकवून बसवलं की चित्रासमोर आपोआप लटकावं. रंगाच्या वाट्या म्हणजे क्रीमच्या डब्यांची झाकणं. घर आहे की भंगारवाल्याचं दुकान, असं मी रोज म्हणायची आणि रोज काही तरी शोधून त्याच्या हातात ठेवायची.

राहता राहिला ब्रश. बाकी सगळ्यात कसंही भागतं, ब्रशात भागत नाही. जुन्या चित्रांत चेहऱ्याखाली जाळीच्या कॉलरी असतात, त्यातला एकेक दोरा केसाएवढा. तसली रेघ मारायला टोक सुईसारखं हवं आणि रंगात बुडवल्यावरही सुईसारखंच राहायला हवं. असले ब्रश दुकानात मिळतात, काचेच्या कपाटात, आणि त्यांच्या किमती बघून आपण दुसरीकडे बघायला लागतो. बारकीकडे तसला एक उरला होता, पण त्याचंही टोक झिजून गेलेलं.

“केस ना?” भाऊ म्हणाला. “केस काय, पोत्याने आहेत माझ्याकडे.”

मलाही पटलं. कुणाला पटणार नाही? रोज संध्याकाळी केर काढला की सलूनमध्ये ढीग निघतो. तो गिऱ्हाइकांचे केस निवडायला लागला. राठ वेगळे, मऊ वेगळे, लहान मुलांचे वेगळे. पोस्टमनचे केस फार चांगले निघाले म्हणून पोस्टमनला एकदा फुकट कापून दिले. एका म्हाताऱ्याच्या कानातले केससुद्धा ठेवले होते त्याने कागदात गुंडाळून. ते मी जाळून टाकीन म्हटलं, तेव्हा कुठे टाकले. कबुतराचं पीस पाण्यात भिजवायचं, त्याच्या पोकळ नळीत केसांची बारीक जुडी मागून सरकवायची. पीस वाळलं की आवळून धरतं. जुडी बांधायला माझा रेशमी दोरा, मागे दांडी म्हणून तुटलेल्या पेन्सिली. हे सगळं त्याने कुणा म्हाताऱ्या रंगाऱ्याला विचारून घेतलं. आणि शेवटी खिडकीशी उभा राहून, मान तिरकी करून, आपल्या सर्वांत बारीक कात्रीने टोक असं कोरलं की दुकानातल्या ब्रशाने लाजावं.

बारकीने तो हातात घेतला तेव्हा भावाचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यभर लोकांचे केस कापून जमिनीवर पाडले आणि झाडून टाकले. त्यातलंच काही तरी लेकीच्या उपयोगी पडतंय म्हटल्यावर गड्याची छाती फुगली होती. बारकीने ब्रश रंगात बुडवला, कागदावर टेकवला, एक रेघ ओढली आणि म्हणाली, “छान चालतो, बाबा.”

तो खाली गेला. मी माझ्या मशीनवरून बघत होते. रेघ कसली, दोरखंड. त्याने आणखी चार करून दिले, दर वेळी टोक आणखी सुबक, आणि दर वेळी तीच तऱ्हा. कोरडा असताना सुई, ओला झाला की झाडू. मधेच दुभंगून दोन रेघा मारायचा. बाबा खोलीत असले की बारकी त्यांचा ब्रश हातात धरून बसायची. जिना कुरकुरून शांत झाला की हळूच तो बाजूला ठेवायची आणि आपला झिजका ब्रश जिभेने ओला करून, डोळे फोडून सरावाच्या चित्रातली कॉलर भरत राहायची.

“परीक्षेला कुठला नेणार आहेस?” मी विचारलं.

“बाबांचेच,” ती म्हणाली. “त्यांनी ब्रश ठेवायला डबासुद्धा करून दिलाय, आत्या. तो घरी ठेवून कशी जाऊ?”

“आणि नापास झालीस तर?”

ती झिजका ब्रश उचलून पुन्हा कॉलरीला लागली. बाप तसा लेक. एकजण बोलत नाही, दुसरी खरं बोलत नाही. बापाचं मन राखायला ही पोर आपला जन्म पणाला लावायला निघाली होती. मला प्रेम कळतं, पण असलं आंधळं प्रेम बघितलं की माझं डोकं फिरतं.

ती बाहेर गेली तशी मी सरळ खाली गेले. दुकान रिकामं होतं, म्हटलं हीच वेळ. आणि भावाची बिनपाण्यानेच केली. “तुझे ब्रश दिसायला देखणे आणि कामाला शून्य. पोरगी तुझ्या तोंडाकडे बघून गप्प आहे. तिला खरंच काही द्यायचं असेल तर नीट दे, नाही तर तिला सांग की नेऊ नकोस.” तो वस्तरा पुसत होता, पुसतच राहिला. मग वर आला, बारकीचा झिजका ब्रश उचलला, आपला एक उचलला आणि दोन्ही घेऊन भिंगासमोर बसला. किती तरी वेळ उठला नाही. बारकी घरात नव्हती ते बरं.

“ताई, इकडे ये,” तो म्हणाला.

मी भिंगातून बघितलं. विकतच्या ब्रशाचा एकेक केस टोकाकडे निमुळता होत होत संपत होता. झिजलेला असूनही कळत होतं. भावाच्या ब्रशातले केस मात्र दोन्हीकडून सारखे जाड, काडेपेटीतल्या काड्यांसारखे.

“याला कुणी कापलेलंच नाही,” तो म्हणाला. “टोक केसाचं स्वतःचं आहे. जनावराच्या अंगावर उगवलं तसं. माझ्याकडे येणारं प्रत्येक डोकं आधी कुणी तरी कापलेलं. आणि वर मी पुन्हा कापतोय.”

दुसऱ्या कुणी, सुताराने, शिंप्याने, ब्रश केला असता तर कदाचित टोकाला हात लावला नसता. पण हा पडला शेवटची कात्री मारणारा. मला हसू आलं आणि त्याच्याकडे बघून ते गिळून टाकलं. चेहरा असा उतरला होता की वाटलं, उगाच बोलले.

मग कात्री न लागलेल्या केसाचा शोध सुरू झाला. वाण्याच्या मांजरीच्या शेपटीला हात घातला, तर मनगटावर ओरखडे घेऊन आला. गिऱ्हाइकाच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाकडे टक लावून बघत बसला, पण ते बाळ अंड्यासारखं गुळगुळीत. परीक्षा जवळ आली. बारकीला यातलं काही कळू दिलं नव्हतं. आणि मग एकदम त्याने शोध थांबवला.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की हा माझ्याकडे बघेनासा झालाय. चहा हातात देईल, पण नजर जमिनीवर. मी डोक्याला सदा रुमाल बांधते. आजारात केस गेले ते वर्ष उलटायच्या आत पुन्हा आले, पण हे पूर्वीचे नव्हेत. पूर्वी काळे आणि राठ होते, माझ्या स्वभावासारखे. आता आले ते पांढरे आणि मऊ, कापसाच्या तंतूसारखे. मी ते कुणाला दाखवत नाही. पुन्हा आलेत एवढंच मला पुरे, त्यांना कुणाची नजरही लागायला नको असं वाटतं. वेडेपणा आहे, असू दे.

एके सकाळी मी तोंड धुऊन लवकर परत आले, तर भाऊ माझ्या खाटेशी वाकलेला. हातात चिमटा, दुसऱ्या हातात कागद. माझ्या उशीवरचा एकेक केस उचलून तो कागदावर ठेवत होता.

आजारात सुरुवात अशीच झाली होती. आधी उशीवर थोडे, मग फणीत, मग मुठीने. तेव्हाही हाच रोज सकाळी माझ्या आधी उठून उशी झाडून ठेवायचा, मला दिसू नये म्हणून. दोनच महिन्यांवर माझी तपासणी आली होती. मला वाटलं, डॉक्टरांनी याला आधीच काही तरी सांगितलंय. म्हणून हा बघत नाही. म्हणून हा पुन्हा उशी साफ करतोय.

“किती दिवस लपवतोयस?” मी विचारलं.

तो दचकला. कागद मागे घेतला. तेवढ्याने तर माझी खात्रीच पटली.

“परत गळायला लागलेत ना? सांग ना सरळ. मी काय लहान आहे? मरायचं ते मला आहे, तुला कसली एवढी लपवाछपवी?” मी बोलत सुटले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

“नाही ग, ताई,” तो म्हणाला. “तसं नाही. शपथ. उशीवर दोन-चार केस सगळ्यांच्याच पडतात.” मग कागद माझ्यापुढे धरला. “ब्रशासाठी. तुझे केस कुणी कापलेले नाहीत. नवे उगवलेत. टोकं आहेत त्यांना.”

“मग मागायला काय झालं होतं?”

“कसा मागू?” तो म्हणाला, आणि माझा हा गप्प भाऊ खाटेवर बसून रडायला लागला. “तुझ्या डोक्यावरचं कसं मागू? तेव्हा सगळे गेले, मी झाडले. आता आलेत, तर मीच कात्री लावू?”

मला रडूबाया आवडत नाहीत. त्या दिवशी मात्र आम्ही दोघंही बसलो होतो एका खाटेवर, म्हातारी माणसं, नाकं पुसत. भीती एवढी मोठी होती की ती गेल्यावर अंगात नुसती हवा उरली. मग मीच आधी उठले.

“असे वेचत बसलास तर पोरगी पेन्शनीत निघेल,” मी म्हटलं आणि रुमाल सोडला. “चल, खुर्ची मोकळी कर.”

त्याने खुर्चीच्या पाठीची फळी काढली, गादी शोधून आणून बसवली, माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. गिऱ्हाइकाला बांधतो तसंच, मानेशी एक बोट घालून घट्ट तर नाही ना बघत. आजारानंतर त्याने माझ्या डोक्याला हात लावला तो तेव्हा. बोटं आधी नुसती टेकवली. कात्री उघडून उभा, पण चालवेना.

“कापतोस का मी घेऊ शिवणाची कात्री?”

तेव्हा कापलं. मानेवरचे, अगदी मुळाजवळून, चिमूटभर. एक थंड वाऱ्याची झुळूक लागली तिथे, बस. त्याने ते पेनच्या टोपणात टोकं खाली करून घातले आणि हळूहळू ठकठक करत सगळी टोकं एका पातळीत आणली. माझ्याच दोऱ्याने जुडी बांधली, आखूड. माणसाचा केस लुळा असतो, लांब ठेवला की मान टाकतो, हे एव्हाना तो शिकला होता. जुडी पिसात बसली. आणि मग सवयीने त्याची मान तिरकी झाली, एक पाऊल मागे गेला, आणि कात्री पुढे आली.

मी मनगट धरलं. “हात खाली घे,” म्हटलं. “सगळ्या गावाची टोकं काप, एवढं सोड.”

तो चक्क हसला. कात्री खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावून घेतलं.

बारकी दुपारी वर आली. ब्रश रंगाच्या फरशीवर ठेवला होता, पांढऱ्या टोकाचा. तिने तो उचलला, मग माझ्याकडे बघितलं. मी रुमाल बांधून मशीनवर बसले होते, पण पोरीचं काम मानांशीच. माझ्यामागे येऊन तिने रुमालाची कड जराशी उचलली आणि तशीच उभी राहिली.

“आत्या, मी हा नाही वापरायची.”

“मग मी कापून घेतले ते काय उशीत भरायला? गुमान बस. आणि छान चालतो बिलतो म्हणू नकोस. चालत नसेल तर नाही म्हण, बाबा तिथेच उभा आहे.”

ती बसली. ब्रश भिजवला, टोक रंगात बुडवलं, काठीवर हात टेकवला. एक रेघ निघाली, वळली, दुसऱ्या रेघेखालून गेली, परत वर आली, आणि कुठेही जाड झाली नाही. कॉलरीच्या जाळीतला एक फास पुरा झाला, मग दुसरा. ती थांबलीच नाही. डोळ्यातून पाणी येत होतं ते बाहीने पुसायची आणि पुन्हा रेघ ओढायची. बऱ्याच वेळाने तिने ब्रश खाली ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली, “आधीचे चालत नव्हते.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

परीक्षेला ती तोच घेऊन गेली. काठीही नेली, भिंग नेलं. खुर्ची नेता येत नव्हती, नाही तर भावाने तीही पाठीवर घेतली असती. त्या दिवशी सलूनमध्ये त्याने एका गिऱ्हाइकाचे कल्ले एकीकडे लांब एकीकडे आखूड कापले. असं त्याच्या हातून कधी झालेलं नाही. निकाल लागला त्यात निवडलेल्यांत सर्वांत शेवटचं नाव बारकीचं. मी म्हटलं, शेवटचं तर शेवटचं, दाराच्या आत पाय पडला ना. तिला एका बाईच्या चित्राची बाही भरायला दिली होती म्हणे. तिथल्या मोठ्या बाईंनी ब्रश बघून विचारलं, कुठल्या जनावराचा केस? बारकी म्हणाली, घरातलंच आहे, जरा चावरं आहे. कार्टी.

पहिल्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला गेलो. परत आल्यावर मी चहा टाकला. भाऊ खाली दुकान उघडायला जायचा सोडून ओट्याशी घुटमळत उभा राहिला. याला काही तरी बोलायचं आहे हे मी ओळखलं आणि मुद्दामच काही विचारलं नाही.

“ताई, तो ब्रश फार टिकायचा नाही,” तो म्हणाला शेवटी. “रोजच्या कामाला वर्षभर, फार तर.”

“मग घेईल विकत. आता पगार येईल तिला.”

“कशाला विकत?” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तुझ्या डोक्याला मी बाकी कुठे कात्री लावलेली नाही. लावणारही नाही. दरवर्षी थोडं थोडं घेतलं ना, तर तिचे केस पांढरे होईपर्यंत पुरेल.”

“आणि मी कुठे असेन तोवर?”

“इथेच,” तो म्हणाला. “तू असायलाच हवीस. नाही तर कुणाचे आणू?”

सगळ्या आजारपणात या माणसाने माझ्याजवळ एक शब्द काढला नव्हता. औषधं आणली, उशी झाडली, रात्रीची भांडी घासली, पण तू राहा, असं कधी म्हणाला नाही. आता म्हणाला तेही ब्रशाचं निमित्त काढून. चहा उतू गेला तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. त्यानेच केला.

“बरं,” मी म्हटलं. “पण मागूनच घ्यायचे. पुढून मला नटायचंय.”

तो ‘हं’ म्हणाला आणि खाली गेला. थोड्या वेळाने दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी माझी तपासणी होती. इतके दिवस मी मनाशी धरून चालले होते की जे निघेल ते निघेल, आपण पुष्कळ जगलो, पोरगी मार्गाला लागली, आता कसली हाव. आता तसं म्हणवेना. मी घाबरले होते, आणि मला तो निकाल चांगलाच यायला हवा होता.